चुंगीनाक्यापलीकडचं स्वस्त पेट्रोल

गाडी असलेल्या माणसांत तासभर बसलं, की त्यांच्या तब्येतीपेक्षा त्यांच्या गाड्यांच्या तब्येतीचीच माहिती जास्त कळते. जयपूरच्या आमच्या घोळक्यात पन्नास-साठच्या दशकांत गाड्या मोजून तीन. पण त्यांच्यावरून जमलेले किस्से तीस गाड्यांना पुरले असते, आणि त्यातले निम्मे पेट्रोलचे. कुणी नवा मराठी माणूस बदलून आला, की त्याला पहिल्या चहाबरोबर आम्ही हेच ऐकवायचो.

घोळका म्हणजे तीन घरं. डॉक्टर गोगटे डोळ्यांचे सर्जन, मूळचे सांगलीचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे माईवहिनी म्हणायचो. प्रोफेसर सबनीस नागपूरचे, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. तिसरी गाडी आमची. आमचे हे हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, आणि मी मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिन्ही गाड्या कुणीतरी वापरून सोडलेल्या, पेट्रोल मात्र सढळ हाताने पिणाऱ्या. त्यात शहरातल्या एका पंपाचा भाव दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

हे असं का, हा प्रश्न माईवहिनींनी एकदा सबनिसांना विचारला. गोगट्यांकडेच चहाला बसलो होतो आणि ताटलीत बेसनाचे लाडू होते. सबनिसांनी त्यातला एक उचलला. समजा, हे पेट्रोल, म्हणाले. रेल्वेच्या टाकीतून ते जयपूरला आलं, की रेल्वेचं भाडं पडलं. त्यांनी लाडवाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. तिथून ट्रकने पंपावर गेलं, ट्रकचं भाडं. दुसरा तुकडा. शहराच्या हद्दीत शिरलं, की नाक्यावर जकात, म्हणजे तिकडची चुंगी. तिसरा मोठा तुकडा. मग विक्रीकर, मग पंपवाल्याचं कमिशन. जो पंप चुंगीनाक्याच्या बाहेर आहे, तिथे एक घास वाचतो. ज्याच्याकडे रांगेने ट्रक येतात, तो स्वतःच्या घासातलं थोडं सोडून देतो. म्हणून प्रत्येक पंपाचा भाव वेगळा.

समजावून होईपर्यंत ताटलीत नुसता भुगा उरला होता. माईवहिनी त्या भुग्याकडे बघत म्हणाल्या, "पण भावजी, सगळे घास तुम्हीच खाल्लेत."

"वहिनी," सबनीस बोटं पुसत म्हणाले, "यालाच सरकार म्हणतात."

*

त्या व्याख्यानाचा सगळ्यात जास्त परिणाम गोगट्यांवर झाला. आग्रा रोडवर, शहरापासून पंधरा-वीस मैलांवर, बस्सीजवळ एक पंप होता. चुंगी नाही आणि ट्रकवाल्यांची गर्दी, म्हणजे दोन्ही घास वाचलेले. गोगटे रविवारी सकाळी उठले आणि पेट्रोल भरायला एकटेच बस्सीला गेले.

परतले ते दुपारी, उन्हाने लाल होऊन, पण चेहरा विजयी. टाकी भरली होती. मागच्या सीटवर एक मोठा माठ होता. माठाशेजारी गाजरांची गोणी, गुळाची ढेप आणि मोजडीचे दोन जोड. एक त्यांचा आणि एक माईवहिनींचा, जो त्यांना होत नव्हता. एवढ्या लांब गेलोच आहोत तर रिकाम्या हाताने कसं यायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. माईवहिनींनी काही हिशोब विचारला नाही. त्यांनी फक्त गोणी बघितली आणि पुढच्या रविवारपासून स्वतः बरोबर जायला लागल्या.

मग सबनीस म्हणाले, तीन गाड्या कशाला जाळायच्या? एका गाडीत सगळे जाऊ, बाकीच्या गाड्यांसाठी डबे भरून आणू. असं करता करता बस्सीची रविवारची सहलच झाली. बायका थालीपिठं बांधून घ्यायच्या, मुलं पंपामागच्या कडुनिंबाखाली खेळायची, ट्रकवाले आम्हाला त्यांच्या खाटा द्यायचे. सबनिसांची धाकटी नंदा हिंदी शाळेत जाणारी. शाळेत बाईंनी विचारलं, तुमचं कुलदैवत कुठे असतं? ती म्हणाली, "बस्सीला. आम्ही दर रविवारी जातो."

*

पेट्रोल वाचवायचे बाकीचे मार्गही सबनिसांनी शोधून काढले होते. गाडीत वजन कमी, तर पेट्रोल कमी, हे तत्त्व त्यांना पटलं आणि त्यांनी मागची सीटच काढून ठेवली. त्याच आठवड्यात नागपूरहून त्यांची आई आली. मी स्टेशनवर त्यांच्याबरोबर गेले होते. मला वाटलं, आता म्हातारी मुलाची हजेरी घेणार. सबनिसांनी मागे सतरंजी अंथरली होती आणि वर एक तक्क्या ठेवला होता. आई वाकून आत शिरल्या, मांडी घातली, तक्क्याला टेकल्या आणि सगळ्या रस्त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. सबनीस आरशातून सारखे मागे बघत होते.

घराशी उतरताना आई म्हणाल्या, "गाडी चांगली घेतलीस बाप्पा. त्या रमेशच्या गाडीत पाय लोंबकळत ठेवावे लागतात."

रमेश म्हणजे त्यांचा थोरला मुलगा, नागपुरातला मोठा वकील. पुढे आई जयपुरात होत्या तोवर त्यांनी ती सीट परत बसवू दिली नाही. वजनाचं तत्त्व मात्र बुडालं, कारण सुनेच्या मैत्रिणींना घेऊन आई रोज फिरायला निघायच्या.

*

दुसरा मार्ग उताराचा. आमेरहून जयपूरला परत येताना घाटात उतार लागतो. तिथे इंजिन बंद केलं की गाडी फुकट खाली येते, हा सबनिसांचा शोध. एका संध्याकाळी ते बायकोला आमेर दाखवून परत येत होते आणि उतारावर त्यांनी किल्ली फिरवली. गाडी आवाज न करता मजेत घरंगळत होती. वळणावर पुढे एक उंटगाडी निघाली. सबनिसांनी ब्रेक दाबला, गाडी उंटगाडीच्या मागे बेताने थांबली, आणि नंतर इंजिन काही केल्या सुरू होईना.

उंटगाडीवाला उतरला. त्याला वाटलं, बिचाऱ्यांची गाडी केव्हाची बंद पडली असावी. त्याने आपणहून दोर काढला आणि विचारलं, "बाँध दूँ, बाबूजी?"

सबनिसांच्या पत्नी कुसुमताई मान हलवून नको म्हणत होत्या. त्यांना घरापर्यंत चालत जाणं चाललं असतं. पण पेट्रोलचा एक थेंब न जाळता घरी पोचायची संधी सबनिसांनी सोडणं शक्य नव्हतं. उंट त्यांना ओढत वेशीतून आत घेऊन आला. बाजाराची वेळ, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि कुसुमताई डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या, राजस्थानी सुनेसारख्या. सबनीस स्टीअरिंग धरून सरळ समोर उंटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते फळ्यावर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत होते. मागच्या बाकावरून एक मुलगा अदबीने उभा राहिला आणि त्याने विचारलं, "सर, एक किलो चने में कितना चलती है?"

सबनिसांनी हे आम्हाला स्वतःच सांगितलं. उत्तर काय दिलं, असं विचारल्यावर म्हणाले, "प्रश्न अर्थशास्त्राचा होता. मी त्याला शाबासकी दिली."

*

गॅलन जाऊन लिटर आला, त्या दिवसांतली गोष्ट. सगळे पंप एकदम बदलले नव्हते. एका सकाळी गोगटे हॉस्पिटलात निघाले असता त्यांना अजमेर रोडवरच्या पंपावर नवी पाटी दिसली. भाव पाहून त्यांनी गाडी जागीच थांबवली. कालच्या भावाच्या पाव हिश्शाहूनही कमी! ऑपरेशनची वेळ झाली होती, नाहीतर तिथेच भरलं असतं. त्यांनी हॉस्पिटलात पोचताच पहिल्यांदा आमच्या ह्यांना गाठलं, मग कॉलेजात सबनिसांना फोन केला. दुपारपर्यंत आमच्या तिन्ही गाड्या, हॉस्पिटलातल्या आणखी दोघा डॉक्टरांच्या गाड्या आणि सबनिसांच्या प्राचार्यांची गाडी, अशी त्या पंपापुढे रांग लागली. लोकांनी घरचे डबे आणले होते.

पंपाचे मालक भंवरलालजी, शांत स्वभावाचे गृहस्थ. एवढी शिकलेली माणसं आपल्या दारी एकदम का आली, हे त्यांना कळेना. पहिला नंबर गोगट्यांचा होता. त्यांनी सांगितलं, टाकी भरा, डबेही भरा. पेट्रोल पडलं, पैसे सांगितले गेले आणि गोगट्यांचा चेहरा बदलला. कालच्यापेक्षा एक पैसा कमी नव्हता. भंवरलालजींनी हात जोडून समजावलं, की हा भाव लिटरचा आहे, आणि एका गॅलनमध्ये साडेचार लिटर बसतात.

रांगेत मागच्यांनी आपापले डबे हळूच गाडीत परत ठेवले. आलोच आहोत तर म्हणून प्रत्येकाने टाकी भरली. भंवरलालजींनी सगळ्यांना चहा पाजला. त्यांच्या पंपावर एवढा धंदा एका दिवसात कधी झाला नव्हता, असं ते पुढे कैक वर्षं सांगत. आम्ही दिसलो की विचारायचे, सरकार अजून काही बदलणार आहे का?

*

आणि हा किस्सा गुमानसिंहजींचा.

गोगटे दर हिवाळ्यात सांभरच्या बाजूच्या खेड्यांत डोळे तपासायला जायचे. मदतीला आमचे हे असत, आणि सुट्टी असली की माईवहिनी आणि मीही. त्या वाटेवर दूरदूरपर्यंत एकच पंप होता, हाताने दांडा मारायचा, जुना. पंपाचे मालक गुमानसिंहजी म्हातारे ठाकूर होते. दोन्ही डोळ्यांत पांढरा मोतीबिंदू पिकलेला, उजेड-अंधार तेवढा कळायचा. पंपाशेजारी खाटेवर बसून ते नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचे. दांडा मारायचं, पाटीवर भाव लिहायचं आणि पैसे घ्यायचं काम त्यांचे जावई बघत, भरघोस मिशांचे भैरूसिंह.

इतका महाग पंप आम्ही कुठे पाहिला नव्हता. पण तिथे भरलं नाही तर परत जयपूर गाठणं कठीण. गोगटे दर खेपेला भावावरून हुज्जत घालायचे. गुमानसिंहजी शांतपणे म्हणायचे, डॉक्टरसाब, पिंपं रेल्वे स्टेशनवरून वाळूतून ट्रकने येतात. भाड्याचा खर्च आहे, तेवढाच लावतो, वर काही घेत नाही. भाव पाटीवर लिहिला आहे, वाचून घ्या. गोगटे पाटी वाचायचे, पैसे द्यायचे आणि गाडीत बसल्यावर म्हणायचे, "माणूस गोड आहे, पण लुटारू आहे."

तरी त्या लुटारूचे डोळे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. ऑपरेशन करून घ्या, असं ते दर हिवाळ्यात सांगायचे आणि गुमानसिंहजी दर हिवाळ्यात हसून विषय बदलायचे. कारण एकदा त्यांच्या पत्नीने, ठकुराणींनी, मला आत बोलावून सांगितलं. त्यांच्या थोरल्या दिरांचा मोतीबिंदू गावोगाव फिरणाऱ्या एका वैदूने सुईने काढला होता. दीर दोन दिवस सगळ्यांना हाका मारून तोंडं बघत होते. मग डोळे पिकले आणि कायमचे गेले. तेव्हापासून ह्यांनी उजेड-अंधार दिसतो तेवढ्यावर समाधान मानलंय, म्हणाल्या. मग घुंगट थोडा सरकवून त्यांनी विचारलं, की तुमचे डॉक्टर एकच डोळा करतील का? दुसरा राहू दे. बिघडलंच तर उजेड तरी राहील.

मी ते गोगट्यांना सांगितलं. ते बाहेर जाऊन खाटेवर गुमानसिंहजींच्या शेजारी बसले. त्या दिवशी भावाचा विषय त्यांनी काढला नाही. एकच डोळा, असं म्हणाले, आणि हातात हात घेऊन बसून राहिले. गुमानसिंहजींनी दुसऱ्या हाताने आपले डोळे चाचपले. शेवटी म्हणाले, मोहरीची काढणी झाली की येतो.

आणि खरंच आले. ऑपरेशनच्या वेळी आमचे हे उशाशी बसून त्यांच्याशी उंटांच्या जातींबद्दल बोलत राहिले, म्हणजे डोकं हलू नये. पुढे कित्येक दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून म्हातारा उताणा पडून होता, तक्रारीचा शब्द नाही. ठकुराणी दाराशी बसून असायच्या. पट्टी काढायच्या दिवशी त्या आत आल्याच नाहीत. गोगट्यांनी बाहेर येऊन सांगितलं, बोटं मोजली त्यांनी, बरोबर मोजली. तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

जाड भिंगांचा चष्मा मिळाल्यावर गोगट्यांनी त्या दोघांना स्वतःच्या गाडीतून गावी पोचवलं. माईवहिनी आणि मी बरोबर होतो. सारा रस्ता गुमानसिंहजी खिडकीबाहेर बघत होते, आणि दिसेल त्याचं नाव घेत होते. खेजडीचं झाड. बकरी. लाल लुगडं. पंपापाशी गाडी थांबली. खाली उतरून त्यांनी आधी ठकुराणींना घुंगट वर करायला सांगितलं, सगळ्यांदेखत. त्या लाजल्या, पण त्यांनी केला. म्हातारा बघत राहिला. आम्ही दुसरीकडे बघू लागलो.

मग ते पंपाकडे वळले. दांड्यावरून हात फिरवला, काचेच्या मापाला टिचकी मारली, आणि त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. काळ्या पत्र्यावर खडूने लिहिलेला भाव. त्यांनी तो वाचला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि आणखी जवळ जाऊन परत वाचला. भैरूसिंह मिशीवर हात ठेवून आपल्या मोजडीकडे बघत होते.

"इस भाव में," गुमानसिंहजी वळून म्हणाले, "लेता कौन होगा?"

गोगटे दोन पावलं पुढे झाले.

"हम लेते थे, ठाकुरसाब."