उत्तरेच्या भिंतीवरचा चेहरा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, मरिनसला, आख्खं बंदर घुम्या म्हणायचं. म्हणोत बापडे. घुम्या तो होताच. पण भिंतीवर संत काढायला उभा राहिला की तसा हात साऱ्या झीलंड प्रांतात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी मासळी विकते, दिवसाला दहा थापा मारते, पण ही थाप नाही.

खलाशांच्या चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीवर त्याने वादळ शमवणारा संत निकोलस काढला. होडीत गुडघे टेकलेला एक खलाशी होता. त्याला मरिनसने स्वतःच्या मुलाचा, लीव्हनचा, चेहरा दिला. एकोणीस वर्षांचा घोडा, रोज तासभर समोर बसवताना बापाच्या नाकी नऊ आले. चित्र वाळलं आणि लीव्हन लिस्बनला पळाला. तिथून पोर्तुगीजांच्या जहाजावर, गोव्याला. तेव्हा पोरांना मिरी-लवंगांच्या देशाचं खूळच लागलं होतं. दोन वर्षांनी त्याच ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजावरचा एक सुतार सांगत आला की जहाज आफ्रिकेच्या टोकाशी फुटलं, कुणी वाचलं नाही.

कबर नाही, काही नाही. माझी बहीण योसिना रोज सकाळी त्या भिंतीसमोर जाऊन बसायची. बायका म्हणायच्या, काय भक्ती आहे हो हिची संतावर. कसला संत न् काय, ती पोराला बघायला जायची.

मग गावाने पंथ बदलला; ख्रिस्त तोच, पण संत आणि मूर्ती वर्ज्य. राजाचे शिपाई पळाले, नवे लोक आले, मूर्तींचं सरपण झालं. मला नवं प्रवचन आवडायचं, आपल्या भाषेत असायचं, निदान कळायचं तरी. पण एक दिवस पंचांनी ठरवलं, चर्चच्या सगळ्या भिंती पांढऱ्या करायच्या. पंचांतला हुब्रेख्त पिंपं बनवायचा. तो मरिनसच्या दारात येऊन उभा राहिला.

"देवाच्या घरात देव सोडून कुणाकडे बघायचं नाही, मरिनस. चुना तू लाव."

"मीच का?"

"तू नाही म्हणालास तर गवंडी छिन्न्या घेऊन येतील. तुझ्या हातचं आहे म्हणून विचारतोय. चुना बरा की छिन्नी, बघ बाबा."

मरिनस हो म्हणाला. त्या दिवशी योसिनाने चुलीत विस्तवच घातला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "ताई, तुझ्या अंगणात सरस शिजवू? मासळीच्या वासात कुणाला कळणार नाही."

"शिजव की. पण कशाला?"

"चुना रंग खातो. मध्ये सरसाचा थर दिला तर खाणार नाही."

कातड्याचे तुकडे त्याने चिकट खळ होईपर्यंत दिवसभर शिजवले. मग चर्चमध्ये जाऊन फक्त तेवढ्या चेहऱ्यावर तीन हात दिले आणि वरून चुना ओढला. संध्याकाळी योसिनाला म्हणाला, "पोरगा आत सुखरूप आहे. दिवस पालटतील. कोमट पाण्याचा फडका मारला की बाहेर येईल." त्या घुम्याला मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. योसिना प्रवचनाला नेमकी त्या जागेसमोर बसायला लागली. पांढऱ्या भिंतीकडे बघायची आणि घरी येऊन पोटभर जेवायची.

आता हे कुठल्याही गवंड्याने सांगितलं असतं. सरसावर चुना टिकत नाही. पण विचारणार कुणाला? विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. आणि मरिनस चितारी, चुन्याचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता बर्फ वितळलं, भिंती पाझरल्या. रविवारी भर प्रवचनात टपटप आवाज आला. चुन्याचे पोपडे सुटत होते. बाकी सगळी भिंत जशीच्या तशी, आणि तेवढ्याच जागी कपाळ दिसलं, डोळे दिसले, तोंड दिसलं. पाद्री बोलायचा थांबला. योसिना उभी राहिली, पुढे गेली आणि सगळ्या गावादेखत तिने त्या गालाला हात लावला.

"बाळा," एवढंच म्हणाली.

पंचांना दुसरं काय हवं होतं? मूर्तिपूजा डोळ्यांनी बघितली होती. सोमवारी गवंडी आले. मरिनस हुब्रेख्तच्या पाया पडला. "गिलावा सबंध काढून घरी नेतो. गावात कुणाला दिसणार नाही."

हुब्रेख्तचे डोळे भरले होते, मी पाहिलं. "ने," म्हणाला. "निघाला तर ने."

मरिनसने स्वतः कडेकडेने छिन्नी चालवली. पण तीन थर सरस ओल पिऊन फुगला होता, आणि रंग त्याच्याबरोबर सुटला. गिलाव्याची लादी हातात आली ती कोरी. खाली पाहिलं तर नुसता चिखल.

घरी आल्यावर योसिना रडली नाही. कोळसा आणला, टेबल पुसलं. "काढ," म्हणाली. "तूच काढला होतास ना? परत काढ."

तो काढायला बसला. मी जवळच होते.

"नाक असं नव्हतं," योसिना म्हणाली.

त्याने पुसून दुसरं काढलं.

"हा कोण? हा लीव्हन नाही."

"मग कसा होता सांग. तू सांग, मी काढतो."

योसिनाने बोटाने टेबलावर हनुवटीची रेघ ओढली आणि मधेच सोडली. मग माझ्याकडे वळली. "ताई, तू सांग."

मी त्याला खांद्यावर घेऊन बंदरभर हिंडवलं होतं. डोळे मिटले, खूप आठवून बघितलं. त्याचा आवाज आठवला, जड पावलं आठवली. चेहरा काही आला नाही.

मरिनस कोळसा धरून वाट बघत होता.