रशीदच्या तीन होड्या

मंगळवार होता. मी शाळेत घटक चाचणीचे पेपर तपासत होतो, शेजारी चहा निवत होता. माजलगावहून फोन आला. "गुर्जी, रशीदभाई गेले. ट्रॅक्टरखालून बाहेर आले, बसले, अन् संपलं."

हातातला गठ्ठा पुरा तपासला आणि निघालो. एसटीत त्याचे किस्सेच आठवत राहिले. चाळीस वर्षांची मैत्री. एक आठवला की दुसरा रांग मोडून पुढे!

*

रशीद ट्रॅक्टर मेकॅनिक. कोकणात एका लग्नाला गेला आणि वाळूवरची शिडाची होडी सुतळीनं मोजून आला! तशाच तीन केल्या: धाकटी, मधली, थोरली.

धाकटीला शीड लावलं ते भाजीवरच्या हिरव्या शेडनेटचं. धरणावर वारा सोसाट्याचा, होडी जागची हलेना. मासे धरणारा किसन काठावरून ओरडला, "भाई, वारा गाळून घेताय का?"

*

मधलीला त्यानं ट्रॅक्टरचा हॉर्न बसवला.

"अबे, धरणात समोरून कोण येणार हाय?" मी विचारलं.

"येईल की कुणीतरी! तू तर येत न्हाईस."

मला पोहता येत नाही. दर शुक्रवारी, गॅरेज बंद असलं की तो बोलवायचा आणि मी हेच कारण द्यायचो.

*

थोरली तयार झाली त्या वर्षी धरण आटलं. होडी कोरड्या गाळावर, भोवती कुणाची तरी कलिंगडं. रशीद शीड उभारून आत बसलेला.

"पाणी न्हाई, पर वारा लई हाय! ये, बस."

"पँट खराब व्हईल," मी म्हणालो.

"गुर्जी, कलिंगडात बुडालेला माणूस अजून ऐकला न्हाई!"

*

थोरली दोघांनी बसायची होती. वाऱ्याच्या बाजूला वजन नसलं तर कलंडायची. पाणी आल्यावर तो एकटाच न्यायचा. कशी, ते मला मय्यतीला कळलं.

किसन जवळ आला. "गुर्जी, दोन वर्सं मी लांबून हात करतोय. तुमी एकदा बी केला न्हाई."

"कुठं?"

"थोरलीत! भाईसमोर बसता की, पांढऱ्या शर्टात. मी इचारलं, गुर्जी रागावले का? तर भाई म्हनले, 'पाण्याला भितो, म्हनून गप ऱ्हातो. पर येतो दर शुक्रवारी.'"

मी धरणावर गेलो. थोरलीत वाळूचं पोतं होतं. त्याला पांढरा शर्ट घातलेला, माझ्यासारखं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

त्या होडीत मी एकदाही बसलो नाही.