ऑइलपेंटमधला पासवर्ड

आता काय सांगू तुम्हाला! चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल.

बटणांच्या मोबाईलचा काळ. पिंपळवंडीत घरी कॉम्प्युटर असलेला मी काही एकटा नव्हतो, पण रुबाब तसाच होता. पासवर्ड मात्र ढिगानं झालेले. ईमेलचा, बँकेचा, कशाकशाचा! त्यात भाची मनीषाचा इंजिनियरिंग प्रवेशाचा फॉर्म माझ्याकडे आला. पोरीला अवसरीचंच कॉलेज हवं होतं, घरून जाऊन-येऊन करता यावं म्हणून.

मग पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम शोधला. एक नुसता कॉम्प्युटरवर चालायचा. दुसरा उघडेपर्यंत चहा उकळून गार व्हायचा. तिसऱ्याची पासवर्डांची तिजोरी मात्र मोबाईलवरही कॉपी करता यायची. एकच मुख्य पासवर्ड, की सगळी कुलपं उघडी! मी थक्कच झालो राव. बायकोला पुन्हा पुन्हा उघडझाप करून दाखवली. तो मुख्य पासवर्डही त्यानंच बनवून दिला. अक्षरं, आकडे, मध्येच चांदणी. कुणाच्या बापाला पाठ होणार नाही असा! मनीषाच्या फॉर्मचा पासवर्डही त्या तिजोरीत टाकला आणि तिची एक कॉपी मोबाईलवर घेतली.

मुख्य पासवर्ड मी देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिला आणि वडिलांना म्हणालो, "अण्णा, सगळं घर या एका शब्दावर आहे. पुसू देऊ नका."

अण्णांनी डोळे मोठे केले. "एवढी ताकद हाय व्हय यात?"

"लई!"

पुढच्याच आठवड्यात घराला रंग द्यायला काढला. मी कामावरून आलो, तर ओट्यासमोर माणसं माना वर करून उभी. दाराच्या चौकटीवर, लाल ऑइलपेंटमध्ये, वीतभर अक्षरांत माझा पासवर्ड! चांदणीसकट! दोन्ही बाजूंना पेंटरनं कमळं काढलेली.

"अण्णा, हे काय?"

"तूच म्हनला ना, पुसू देऊ नका? भिंतीला चुना लागनार व्हता. आता न्हाई हालत ते."

शेजारचे तुकाभाऊ हळूच म्हणाले, "कंच्या देवाचं म्हनायचं हे?"

माझा पारा चढला. 'या घरात कुणाला अक्कलच नाही' असं म्हणून आत गेलो आणि कॉम्प्युटरवर मुख्य पासवर्ड बदलून टाकला. नवा, स्वतःच्या डोक्यानं केलेला, कुठंही न लिहिलेला! आता येऊ दे कोण येतो ते.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मनीषा आली. मी ऐटीत बसलो. नवा पासवर्ड टाकला. चूक. उलटासुलटा करून पाहिला. चूक!

"मामा, पाचला बंद होतंय ते," पोरीचा आवाज रडवेला झाला. तिचं अख्खं वर्ष माझ्या डोक्यात कुठंतरी हरवलं होतं.

आणि एकदम मोबाईल आठवला! त्यातली तिजोरी जुनी, जुन्याच पासवर्डची. तसाच बाहेर पळालो, पायरीवर उभा राहिलो आणि मान वर करून, कमळांमधलं एकेक अक्षर वाचत बटणं दाबू लागलो. तुकाभाऊंना वाटलं, मी दर्शन घेतोय. त्यांनी चपला काढल्या.

उघडली! फॉर्म गेला! मनीषा उड्या मारत होती आणि मी त्या लाल अक्षरांकडे बघतच राहिलो. खोटं नाही सांगत, माझेही हात जोडले गेले.

अण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते.

"नवा शब्द आठवला की सांग," ते म्हणाले. "पेंटरला तवाच खाली जागा सोडाया लावलीया. तुला ल्हानपनापासनं वळखतो मी."