जास्तीची कातडी

"साडी खाली घ्या," फुकट उपचारांच्या सरकारी योजनेच्या कमिटीतले मोठे डॉक्टर म्हणाले.

दार उघडं. बाहेर बाकड्यांवर माणसं बसलेली. मी पदर काढला, निऱ्या खाली सरकवल्या. पोटाची कातडी मांड्यांपर्यंत लोंबली. शिकाऊ डॉक्टरांतली एक मुलगी नाकाला रुमाल लावून मागं सरली.

मी साताऱ्याकडची. कामोठ्यात एका हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटते. अंगानं फार जाड होते. शुगर वाढली तेव्हा ह्याच सरकारी दवाखान्यात, योजनेतून, वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन झालं. वजन निम्म्यावर आलं. तेव्हा ह्याच डॉक्टरांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला होता.

वजन गेलं, कातडी राहिली. शेगडीपाशी घाम येतो, घडीत मुरतो. चामडी सोलवटते. पू होतो, वास सुटतो. मेसमधल्या बायका जेवताना लांब बसायला लागल्या. नवरा गॅलरीत झोपायला लागला. मी कुणाला काही बोलले नाही. माझीच मला किळस यायची. शेवटी ही जास्तीची कातडी काढायच्या ऑपरेशनसाठी योजनेत अर्ज केला.

डॉक्टर लांबूनच बघून म्हणाले, "ही कॉस्मेटिक सर्जरी. योजनेत बसत नाही. आणि या वयात फिगर कशाला पाहिजे, मावशी?"

कुणीतरी हसलं.

"झाका आता."

हात सवयीनं निऱ्यांकडे गेले. तिथंच थांबले.

"नाही झाकणार," मी म्हणाले. "आधी जवळ या. घडी उचला. मग सांगा, हे फिगरसाठी हाय का."

"आवाज कमी करा."

"तुमी उचला."

मग ती रुमालवाली मुलगीच पुढं आली. हातमोजे घालून तिनं घडी वर धरली. आत लाल, ओलं मांस. "सर, जखम खोल आहे," ती हळू म्हणाली.

डॉक्टर खिडकीकडे बघत होते. "मलम लिहून द्या."

मलमच मिळालं. ऑपरेशन नाही.

घरी नवरा म्हणाला, "सोड आता. एवढ्या माणसांत लाज नाय वाटली?"

वाटली. पहिल्यांदाच माझी नाही, त्यांची वाटली.

सरकारनं मला अर्ध्यावर आणून सोडलंय. उरलेला इलाज मी भीक म्हणून मागणार नाही. कमिटी परत बसेल तेव्हा जाणार. नाकारलं तर परत जाणार. ह्यापुढं मला नाही म्हणायचं असेल, तर जखमेला हात लावून म्हणावं लागेल.