एक मिनिट एसी बंद
एसी सुरू झाला की पहिल्या मिनिटाला येणाऱ्या थंड, धुळकट वासात मला अजूनही मोज्यांचा वास येतो. घाटकोपरच्या आमच्या शाळेत एसी फक्त कॉम्प्युटर रूममध्ये होता आणि बूट बाहेर काढूनच आत जावं लागे. चौथीत आम्हाला तिथे एक वेबसाइट दिली होती. माइकमध्ये इंग्रजी गोष्ट वाचायची. वेबसाइटला नीट ऐकू गेलं की स्क्रीनवर स्टार यायचा. फळ्यावरच्या यादीत सगळ्यांचे स्टार लागले, फक्त माझ्या नावापुढची जागा रिकामी होती. मला वाचता येत होतं, पण एसीच्या घरघरीत माझा आवाज माइकपर्यंत पोचतच नव्हता. "जोरात बोल ना यार, कॉम्प्युटर आहे तो, तुझी आई नाही!" शेजारची मैत्रीण वैतागली. मग कुजबुजली, "सरक, मी वाचते तुझ्या नावावर." मी सरकलेही, आणि पाहते तर मिस मागेच उभ्या. आता दोघींना ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. मिसनी जाऊन एसी बंद केला आणि त्या वर्गाला म्हणाल्या, "एक मिनिट कुणी हलायचं नाही." एवढा दंगेखोर वर्ग, पण श्वास रोखून बसला. मी माझ्याच हळू आवाजात वाचलं आणि स्टार आला. पहिली टाळी मैत्रिणीची होती. काल ऑफिसच्या मीटिंगमध्ये नवी मुलगी इतकी हळू बोलत होती, की दोघं-तिघं "जरा मोठ्याने" म्हणाले आणि ती गप्पच झाली. मी उठून एसी बंद केला.