विवाहित दाबलं तरच विचारायचा प्रश्न

फॉर्म मीच बनवला होता, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोयच नाई.

मी तेव्हा वीस वर्षांची होती, गडचिरोलीत एका संस्थेत कंप्युटर चालवत होती. अब्बाचं टेलरिंगचं दुकान. घरात कंप्युटर कोणी पाहिला नाई, अन् मी टायपिंगमध्ये इतकी फास्ट की ऑफिसातले लोक मागं उभं राहून पाहत. दोन हजार आठ-नऊचं साल असन. संस्थेनं गावातल्या बायांसाठी तीन दिवसांचं राहतं शिबिर ठेवलं होतं, मधमाशा पाळायचं. एका बचत गटातून एकच बाई येणार. सर म्हणाले, "यावेळी नोंदणी ऑनलाइन करू. बाया तालुक्याच्या कंप्युटरवाल्याकडं जातीन, तो भरून देईन." मले तर आनंदानं काही सुचेच ना!

एक फुकटची वेबसाइट सापडली, तिच्यावर फॉर्म बनवता येत होता. अन् त्यात एक गोष्ट होती, कंडिशन. म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर पाहूनच दुसरा प्रश्न उघडते, नाईतर लपून राह्यते. बाप्पा! मी दोन दिवस तेच करत बसली. "एस.टी.नं येणार का?" हो दाबलं तर "कोणत्या गाडीनं?" नाई दाबलं तर तो प्रश्नच गायब! चहावाल्याले बोलावून दाखवलं, चपराशी भाऊले बोलावून दाखवलं.

"पाहा भाऊ, पाहा, गायब झाला!"

"मंग गेला कुठी तो?"

"आहे इथीच. दिसत नाई फक्त."

"दिसत नाई तं काय कामाचा?" भाऊ म्हणाले अन् फायली घेऊन चालले गेले. मले त्यांच्यावर दया आली. म्हटलं, याईले काय समजते.

त्याच जोशात मी तो प्रश्न टाकला, विवाहित की अविवाहित. विवाहित दाबलं तरच पुढचे दोन प्रश्न उघडत. पहिला, पतीचं नाव. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेच ना, अशी मी सोय केली. दुसरा, लहान लेकरू सोबत आणणार का. हा प्रश्न अविवाहित पोरीले कायले दाखवायचा, म्हणून तोही मी विवाहितच्या खाली लपवला. मले वाटलं, काय डोकं चालवलं मी!

फॉर्म येऊ लागले. मी छापून सरांच्या टेबलावर ठेवले. दोघी सोडल्या तर सगळ्या अविवाहित. सर खूश. "अरे वा, यावेळी सगळ्या तरुण पोरी येऊन राह्यल्या! लवकर शिकतीन." त्या दोघींनी लेकरू आणणार म्हणून लिहिलं होतं. म्हणून मी दोन झोळ्या बांधून घेतल्या, दुधाचं सांगितलं, खालची खोली ठेवली. एकदम हिशोबात.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सकाळी मी रजिस्टर घेऊन फाटकापाशी बसली. एस.टी. थांबली. बाया उतरल्या. अन् मी पाहतच राह्यली! एकीचे केस अर्धे पांढरे. एकीच्या पायात ही मोठी मोठी जोडवी. जिच्या तिच्या गळ्यात मंगळसूत्र. माझ्या हातातल्या कागदावर मात्र अविवाहित, अविवाहित, अविवाहित.

सर मागं येऊन उभे राह्यले. "काय आहे हे?"

"सर, मी बी तेच पाहून राह्यली."

मले वाटलं, व्हायरस घुसला. पळत ऑफिसात गेली अन् चामोर्शीच्या कंप्युटरवाल्या भाऊले फोन लावला. जवळपास सगळे फॉर्म त्यांच्याच दुकानातून आले होते.

"भाऊ, या सगळ्या अविवाहित कशा काय?"

"ते होय? अवं, तुमच्या फॉर्मनं मले रडवलं ना! बाई म्हणे, लग्न झालं. मी विवाहित दाबलं. त्यानं नवऱ्याचं नाव मागितलं. बाई नाव घेईना! पदर तोंडात कोंबून हासते. म्हटलं, सांग वं माय लवकर. म्हणे, पोराच्या बापाचं नाव कसं घेऊ जी? बाजाराचा दिवस, मागं रांग, बाराले लाइट जाते. मंग मले युक्ती सुचली. अविवाहित दाबलं की गाडी सरळ खाली! नावच नाई मागत!"

"पण भाऊ..."

"बाकी फॉर्म मस्त आहे हो तुमचा."

मी फोन ठेवला. या अल्ला! नवऱ्याचं नाव! माझी अम्मी स्वतः अब्बाचं नाव घेत नाई. रेशनच्या दुकानात बाबूनं विचारलं की मले पुढं ढकलते, "इसको पूछो." मी लहानपणापासून तेवढ्यासाठी तिच्यासोबत जात होती! अन् कंप्युटरसमोर बसली तर ते माझ्या डोक्यातच नाई आलं. ज्या दोघी कागदावर विवाहित होत्या, त्या काऊन तेही मंग समजलं. एकीसोबत दीर होता, दुसरीसोबत सासू. नाव त्याईनं सांगितलं.

तोपर्यंत मले हासू येत होतं, खरंच. सरही हासले. बाया तर लोटपोट. "पाहा वं, आपण पुन्हा कुवाऱ्या झालो!" केस पिकलेली बाई म्हणाली, "घरी सांगते म्हाताऱ्याले, कंप्युटरनं सोडवलं मले."

एक जण हासत नव्हती.

बाविसेक वर्षांची असन. चहाच्या वेळी ती दिसेना म्हणून मी पाहायले गेली. हातपंपाच्या मागं, भिंतीकडं तोंड करून उभी होती. पदराचा बोळा छातीशी दाबून धरलेला. झंपर ओलाकच्च.

"काय झालं जी? पाणी सांडलं का?"

"काई नाई मॅडम."

केस पिकलेली बाई माझ्या मागं येऊन उभी राह्यली होती. "पाणी नोहे पोरी. पान्हा आला तिले. सात महिन्याची पोरगी घरी ठेवून आली."

"काऊन?" मी ओरडलीच. "लेकरू आणायची सोय आहे ना! झोळ्या बांधल्या आहेत!"

त्या तरण्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाई. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "माझ्या पुढच्या बाईले कंप्युटरनं विचारलं, लेकरू आणता का म्हणून. मी तिथीच बाकड्यावर होती. मंग माझा नंबर आला. मले नाई विचारलं. मले वाटलं, माझ्या लेकराले परवानगी नाई."

 परवानगी नाई! तो प्रश्न तिथीच होता, तिच्यासमोर, अन् मी लपवला होता. चपराशी भाऊचं बोलणं मले आठवलं.

"मंग तुम्ही तेव्हाच विचारायचं ना जी."

"कंप्युटरले कसं विचारू?"

घरी तिची जाऊ होती, जावेचंही लेकरू अंगावर पीत होतं. ती पाजीन, या भरवशावर ही आली. गटात लिहिता-वाचता हिलेच येत होतं. ही नाई आली तर गटाची जागा दुसऱ्या गावाले जाणार होती. तिच्या गावातल्या किराणा दुकानात फोन होता. लावला. सासूले बोलावलं. सासूचा आवाज फोनच्या बाहेरपर्यंत आला, "सकाळपासून तोंड लावून नाई राह्यली वं पोरगी! जावेचं बी घेत नाई. रडून रडून निळी पडली!"



सर म्हणाले, "असं करू, तिले घरी पोचवून देऊ. पुढच्या वेळी येईन ती."

"पुढच्या वेळी दुसरं गाव येईन जी," ती जमिनीकडं पाहून म्हणाली.

मी सरांपुढं कधी आवाज केला नव्हता. त्या दिवशी केला. "सर, तिनं काहीच चुकवलं नाई. मी चुकवलं. जीप द्या, आम्ही तिच्या लेकराले घेऊन येतो."  सरांनी ड्रायव्हर भाऊले हाक मारली.

चामोर्शीच्या पुढं आत रस्ता असा की डोकं टपाले लागत होतं. ती पूर्ण वाट हात छातीवर दाबून बसली होती. मी बोलतच होती, माफ करा, मी अशी कंडिशन टाकली होती, मंग असं झालं. तिनं एकदाच विचारलं, "कंडिशन म्हणजे?" मी सांगितलं, एका उत्तरावर दुसरा प्रश्न उघडते. ती म्हणाली, "पण लेकरू तं आहेच ना. उत्तर कोणतंही दाबलं तरी."

मी ड्रायव्हर भाऊले म्हटलं, गाडी जरा जोरात घ्या.

घराशी जीप पुरती थांबायच्या आधीच तिनं उडी मारली. सासूनं पोरगी तिच्या हातात दिली तेव्हा पोरगी हुंदके देऊन देऊन थकली होती, रडायचा आवाजच निघत नव्हता. अंगणातच बसली, पदराआड घेतलं. पोरगीचं तोंड दोनदा घसरलं. तिसऱ्या वेळी धरलं. घटाघट आवाज आला. सासू दारात उभी राहून रडून राह्यली होती, अन् मी जीपच्या मागं जाऊन.

परत आलो तेव्हा मधमाशांच्या पेट्यांचं शिकवणं चालू होतं. लाइट गेली होती. कंप्युटर बंद, म्हणून मी रजिस्टर उघडून पेन घेतला. ती पोरगीले खांद्यावर घेऊन माझ्या टेबलापाशी आली. बाकीच्या बायाही वळून पाहू लागल्या.

"आता विचारा मॅडम."

"काय जी?"

"ते, जे मले नाई विचारलं."

मी पेन कागदावर टेकवला. अन् विचारलं, "लहान लेकरू सोबत आणणार का?"

"आणलं," ती म्हणाली. "लिहा."