दुःख कळवण्याचं

तार आली तेव्हा मी नांदेडला मुलीकडे होतो. ‘सॉरी टू इन्फॉर्म गोविंदराव एक्स्पायर्ड.’ वाचली आणि मी हसलो. खोटं कशाला सांगू, चांगला मोठ्यानं हसलो. मुलगी स्वयंपाकघरातून विचारत आली, “काय झालं, बाबा?” तार तिच्या हातात दिली. ती वाचून तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आठवली की आजही मान खाली जाते.

हसण्याला कारण होतं. पण कारण असलं म्हणून लाज कमी होते असं नाही. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं आणि औरंगाबादच्या आमच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. इंग्रजीचा मास्तर, माझा दोस्त गोविंदराव स्वतः उर्दूतून इंग्रजी शिकलेला, आणि आता त्याला ते मराठीतून शिकवायचं होतं. माझा गणिताचा वर्ग शेजारीच, मध्ये नुसती लाकडी फळी. माझी प्रमेयं राहायची बाजूला आणि माझी पोरं कान देऊन त्याचं इंग्रजी ऐकायची. ‘टू’ लावलेलं क्रियापद क्रियाविशेषणाचं काम कसं करतं, हे एकदा चाललं होतं. “ही केम टू हेल्प. तो का आला? मदत करायला. आता ‘आय ॲम सॉरी टू इन्फॉर्म.’ सायबाला दुःख कशाचं झालंय रे?” पोरं म्हणाली, माणूस मेल्याचं. “नाय! नीट बघा. ते ‘टू इन्फॉर्म’ ‘सॉरी’ला चिकटलंय. मेल्याचं दुःख नाय, कळवावं लागतंय त्याचं दुःख! आन् आपली काळ्या चौकटीची कार्डं तरी काय निराळी? कळविण्यास अत्यंत दुःख होते!” दोन्ही वर्ग खदखदून हसले, मीही हसलो. पुढं कित्येक वर्षं शाळेत कुणाच्या मृत्यूचं कार्ड आलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही, हसू फुटेल म्हणून. तार वाचून मी हसलो तो त्याला दाखवायला वळल्यासारखा... आणि मग कळलं, कुणाला दाखवणार?

दुसऱ्या दिवशी शहागंजातल्या त्याच्या घरी पोचलो. मूलबाळ नव्हतं, कमलवहिनी एकट्याच बसल्या होत्या. हसल्याचं पाप मनात होतं, म्हणून विचारलं, “तार कुणी केली?”

“मीच की, भावजी. इंग्रजी पोस्टातल्या बाबूनं लिहिलं. पर दोनदा पायरीवरून माघारी आले मी. वाटलं, अजून तुमाला ठावं नाय, तवर नांदेडात तरी ते जित्ते हायेत. तार केली का तितूनबी गेले... लई जड गेलं बगा, कळवायला.”

सगळा जन्म ज्या वाक्याला आम्ही हसत आलो, ते ही बाई पोस्टाच्या पायरीवर उभी राहून जगली होती. मेलेल्याला लाज नसते म्हणतात, त्यामुळं दोघांच्या वाटणीची मलाच वाटली.

निघताना त्या म्हणाल्या, “पाचोडच्या अक्काला अजून सांगितलं नाय. लई थकल्यात. माझ्यानं व्हईना, तुमी सांगा.” अक्का म्हणजे गोविंदरावाची थोरली बहीण, तिनंच त्याला वाढवलेलं. मी छातीठोकपणे हो म्हणालो आणि तसाच पाचोडची एसटी धरली.

अक्का ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मला ओळखलं, गूळ-पाणी दिलं. “गोविंदा कसा हाय रे?”

वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, “बरा आहे.”

“त्याला म्हणावं, एकदा येऊन जा. डोळ्याला दिसतंय तवर.” शेंगांचं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं, त्याच्यासाठी.

“सांगतो,” मी म्हणालो आणि परतीची गाडी गाठली. ते सांगायला शेवटी वहिनींनाच पाचोडला जावं लागलं.